लांबमान्याची कल्हई

रतनबाईच्या पितळी भांड्यांची कल्हई दिवाळीतच उडाली होती आणि माघ लागला तरी नवी कल्हई काही झाली नव्हती. वरण कळकत होतं, ताक हिरवं पडत होतं. जपान्यांनी मलाया घेतल्यापासून कथील असं नाहीसं झालं होतं, की लोणावळ्याच्या बाजारात कल्हईवाल्यानं भाता लावणंच सोडून दिलं होतं. एरवी रतनबाईनं मातीच्या मडक्यांवर भागवलं असतं. पण शनिवारी पवन मावळातून महिपती आपल्या म्हाताऱ्या बापाला आणि मुलाला घेऊन मुक्कामाला येणार होता आणि रविवारी तिच्या लेकीची, नंदाची, सुपारी फुटायची होती. नंदाची दोन स्थळं याआधी हातची गेली होती. एक पत्रिकेवरून गेलं आणि दुसरं, रतनबाईच्या मते, फळीवरून.

ही फळी बाहेरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर होती. रतनबाईचा नवरा हौशीराम तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळी होता. लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी बंगल्यातला साहेब बायकापोरांसह विलायतेला गेला, तेव्हा पोराच्या खेळण्यांचा एक डबा मागे राहिला. त्यात शिशाची, रंगवलेली अकरा जनावरं होती आणि एक चित्रांचं पुस्तक. जनावरं अशी, की जगाच्या पाठीवर आता कुठंच सापडायची नाहीत. हौशीरामला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यानं चित्रं बघून आपणच नावं ठेवली : तिशिंग्या, पाठकाट्या, दातऱ्या आणि सगळ्यांत मोठा, हातभर लांबीचा लांबमान्या. पुढं गुलाबाची कलमं देऊन त्यानं एका पारशी बाईकडून केसाळ हत्ती मिळवला, आणखी दोन असेच कुठून कुठून गोळा केले. चौदा जनावरं झाली. रोज कामावर जाण्याआधी तो दाढीच्या जुन्या ब्रशानं त्यांची धूळ झटकायचा. मांस खाणारी डावीकडं, पाला खाणारी उजवीकडं, आणि मधे एक वीत जागा मोकळी. मागच्या स्थळाच्या आईनं दातऱ्याकडं बघून, "ही तुमची कुलदैवतं का?" असं विचारलं होतं. त्यावर हौशीरामनं तासभर माहिती सांगितली. ती माणसं चहा न घेताच उठली.

शनिवारी सकाळी हौशीराम कामावर गेलेला असताना एक कल्हईवाला रस्त्यानं चालला होता. रतनबाईनं त्याला हाक मारून अंगणात बसवला.

"कोळसा आहे, नवसागर आहे, भाता आहे," तो म्हणाला. "कथील चिमूटभर उरलंय बाई. त्यात एक वाटीसुद्धा व्हायची नाही."

"कायतरी करा. पोरीच्या सासरची माणसं यायचीत. हिरवी आमटी वाढू का त्यांना?"

कल्हईवाल्यानं पाणी मागितलं. पाणी पिता पिता त्याची नजर उघड्या दारातून आत गेली. "ती जनावरं कशाची?"

रतनबाईनं एक आणून दिलं. त्यानं नखानं पोटाखाली खरवडून बघितलं. "शिसं आहे. यात माझं कथील मिसळलं तर चकाकी येईल. पण दोन पातेली, परात आणि तपेलं करायचं तर असलं बारकं पुरायचं नाही. तो मोठा द्या, मानेवाला."

रतनबाई थोडा वेळ फळीसमोर उभी राहिली. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं तिच्याकडं कधी ब्रश घेऊन बघितलं नव्हतं. तिनं लांबमान्या उचलला. तेवढ्यानं भागेल की नाही असं वाटून पाठकाट्या आणि केसाळ हत्तीही पदरात घेतला. कल्हईवाल्यानं तिघांना मुशीत घातलं. हत्ती आधी वितळला. लांबमान्याची मान मात्र बराच वेळ वर राहिली होती, तेवढं रतनबाईला बघवलं नाही.

भांडी आरशासारखी झाली. निघताना कल्हईवाला म्हणाला, "बाई, आंबट नका ठेवू हं यात." रतनबाई परातीत स्वतःचं तोंड बघत होती. ती "बरं बरं" म्हणाली.

त्याच दिवशी दिवेलागणीला पाहुणे आले. महिपती उंचापुरा, कमी बोलणारा माणूस होता. त्याचा बाप भिमाजी आबा सत्तरीचा. त्यानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "माय, माझ्या तोंडाला चव न्हाई. चिंचेचं आंबट असलं तर दोन घास जातील."

रतनबाईनं मोठं पातेलं भरून चिंचेची आमटी केली. नवरामुलगा मारुती तीन वाट्या प्यायला, आबा चार. हौशीरामचा शनिवारचा उपास, त्यानं तो दूधभातावर सोडला. उरलेली आमटी रात्रभर पातेल्यातच राहिली आणि सकाळी पाहुण्यांनी ती भाकरीबरोबर चाटूनपुसून संपवली. आई-लेकींच्या वाट्याला चटणी आली.

रविवारी उजेडात हौशीराम ब्रश घेऊन फळीपाशी गेला आणि तिथंच थांबला. उजव्या बाजूला धुळीत तीन रिकाम्या जागा होत्या.

"रतन, माझा लांबमान्या कुटं गेला?"

"पाव्हणे गेल्यावर शोधा," रतनबाई आतून म्हणाली.

पण हौशीरामचं लक्ष खुंटीवर गेलं. तिथं महिपतीचा कोट टांगलेला होता आणि त्याचा डावा खिसा फुगला होता. पाहुणे मागं आंघोळीला गेले होते. हौशीरामनं इकडं तिकडं बघितलं आणि खिशात हात घातला. हाताला लागली ती पानाची चंची. ती बाहेर काढेपर्यंत महिपती पंचा गुंडाळून दारात उभा होता.

"काय हुडकताय, पाव्हणं?"

हौशीरामला खोटं बोलता येत नसे. "माझं जनावर हरवलंय. लांब मानंचं."

"आन ते माझ्या खिशात?"

"मान दुमडली असंल म्हनलं."

महिपतीनं शांतपणे कोट घेतला, अंगात घातला आणि पंच्यावरच बाहेर जाऊन मुलाला हाक मारली. "मारुती, बैलं जुप. आमी चोर हाय हितं." रतनबाई धावत आली, नंदा आत रडायला लागली. हौशीराम हात जोडून गाडीच्या आडवा उभा राहिला. महिपतीनं गाडीच्या चाकावर पाय ठेवला आणि पाय तिथंच राहिला. त्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तो हळूहळू मातीत बसला.

दहा मिनिटांनी मारुती बैलांच्या पायाशी गडाबडा लोळत होता. आबा तर आवाजही न करता भिंतीला टेकून पांढरा पडला होता. तिघांना उचलून आत आणलं आणि एका रांगेत फळीखाली निजवलं.

"आमी तिघं पडलो," महिपती दातओठ आवळून म्हणाला, "आन तुमी उभं? काय घातलंत जेवनात?"

रतनबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "तुमीबी पडा," ती पुटपुटली. हौशीराम मारुतीच्या शेजारी आडवा झाला आणि कण्हायला लागला. त्याचं कण्हणं सगळ्यांत मोठं होतं.

बाजारातले डॉक्टर सायकलवरून आले. त्यांनी चौघांची पोटं दाबली, जिभा बघितल्या. "तोंड गोड गोड लागतं का?"

"व्हय. गुळाचा खडा ठिवल्यावानी," महिपती म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी चौघांनाही पांढऱ्या, कडू मिठाचं पाणी पाजलं. हौशीरामनं नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पेला रिकामा झाला. मग डॉक्टर त्याला अंगणात घेऊन गेले. हौशीराम वाकून वाकून गेला.

"हौशीराम, यांच्या पोटात शिसं गेलंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "भांडं असेल नाहीतर रंग. ते आधी शोध आणि बाहेर काढ. तरणी माणसं निभावतील. म्हाताऱ्याचं मी काही सांगत नाही."

हौशीराम सरळ उभा राहिला.

"तुझं पोट राहिलं वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि सायकलवर बसले.

रतनबाई मागच्या दारी पातेलं घासत होती. उन्हात ते लखलखत होतं. हौशीरामनं पातेल्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"माझा लांबमान्या कुटं हाय?"

तिनं राखेचा हात खाली ठेवला. "महिपतीभाऊंच्या पोटात," ती म्हणाली. "थोडा मारुतीच्या असंल."

"आन हत्ती?"

"सगळी एकातच वितळली वो. कोन कुनाच्यात गेलं ते कसं सांगू?"

हौशीराम काहीतरी भयंकर बोलणार होता. वीस वर्षांत बोलला नव्हता असं. पण तेवढ्यात कडू मिठाला त्याच्या पोटात काहीच आजार सापडला नाही आणि त्यानं आपलं काम सुरू केलं. तो तांब्या घेऊन पळाला. परत आला, "तू माझ्या घरात..." एवढं म्हणाला आणि पुन्हा पळाला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्यात भांडायची ताकद उरली नव्हती. तो पायरीवर बसला. रतनबाई त्याच्याजवळ बसली आणि तोंडात पदर घालून रडली.

"मी पोरीसाठी केलं. म्हातारा मेला तर?"

"गप. कुनाला बोलू नगं."

त्यांनी परसात खड्डा खणला आणि भांडी पुरली. पाहुण्यांना सांगितलं, गूळ खराब निघाला.

पुढचे तीन दिवस घरात मढं पडल्यासारखे गेले. महिपती भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मारुती नंदानं आणलेली पेज घ्यायचा आणि तिच्याकडं बघायचाही नाही. डॉक्टर रोज येऊन कडू मीठ पाजायचे. चौघांच्या रांगेतला हौशीराम दुसऱ्या दिवशी बरा झाला, हे महिपतीनं बघून ठेवलं. आबा मात्र खाली खालीच चालला होता. त्याचे डोळे उघडे असत आणि ते फळीवर लागलेले असत.

हौशीराम कामावर गेला नाही. तो आबाच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा एकदम बोलला.

"ही जनावरं कुटली?"

"लय जुनी, आबा. मानसं नव्हती तवाची."

"आता कुटं हायती?"

"न्हाईत. एकूनएक मेली."

"येवढाली धुडं?" आबानं दम घेतला. "कशानं मेली?"

"कुनालाच ठावं न्हाई. साहेबाच्या बुकातबी नसंल."

आबानं बराच विचार केला. मग कोरड्या ओठांवरून जीभ फिरवून म्हणाला, "खान्यातनं काय गेलं असंल."

हौशीरामच्या हातातला चमचा पडला. त्यानं आबाचे पाय धरले आणि तो हमसून हमसून रडायला लागला. महिपतीनं भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. मग हौशीरामनं सगळं सांगितलं : उडालेली कल्हई, न मिळणारं कथील, मूस, चिंचेची आमटी. रतनबाई स्वयंपाकघराच्या दारात मान खाली घालून उभी होती. "सुपारी फोडू नका," हौशीराम शेवटी म्हणाला. "पोलिसात द्या. पन पोरीला नावं ठिवू नका. तिला यातलं कायबी ठावं न्हाई."

महिपती कोपरावर रेलून उठला. त्याचा चेहरा दगडासारखा होता.

"म्हंजी गूळ नव्हता."

"न्हाई."

"मी जनावर खाल्लं."

"व्हय."

"जे जगात कुटंच न्हाई?"

"न्हाई."

महिपती थोडा आणखी वर सरकला. "केवढं व्हतं?"

हौशीरामनं डोळे पुसले. त्यानं डब्यातून पुस्तक आणलं आणि चित्र काढून दाखवलं. चित्रात डोंगराएवढा लांबमान्या उभा होता आणि त्याच्या पायाशी, मापासाठी, टोपी घातलेला एक साहेब काढला होता. साहेब त्याच्या गुडघ्यालाही लागत नव्हता. महिपतीनं पुस्तक गुडघ्यांवर घेतलं. त्यानं बोटानं मान मोजली, शेपूट मोजली, साहेब मोजला.

"आमच्या भावकीतल्या अण्णानं एकदा रानडुक्कर खाल्लं," तो हळूच म्हणाला. "तीस वर्सं सांगतोय."

"हत्ती माझ्यात गेला असंल," आबा पडल्या पडल्या म्हणाला. "मला पयल्यापास्नं जड वाटतंय."

त्या संध्याकाळी आबानं पेज मागितली आणि पेज झाल्यावर आणखी मागितली. शनिवारी डॉक्टरांनी तिघांनाही गाडीत बसायची परवानगी दिली. निघण्याआधी महिपतीनं स्वतः सुपारी मागवून घेतली आणि उंबऱ्यावर फोडली. मारुती इतक्या दिवसांत पहिल्यांदा नंदाकडं बघून हसला. त्याचं पोट अजून दुखत होतं, त्यामुळं हसणं अर्धंच झालं. पुस्तक मात्र महिपतीनं चार दिवसांच्या बोलीवर नेलं. त्याला गावात दाखवायचं होतं.

वैशाखात लग्न लागलं. जेवण मातीच्या मडक्यांत रांधलं होतं आणि हौशीरामनं प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखला होता. पंगत बसायची वेळ झाली, तरी महिपतीच्या भावकीतले पंधरा-वीस जण आंब्याखालून हलेनात. हात बांधून, तोंडं फुगवून बसले होते. हौशीराम घाबरला. तो टोपी हातात घेऊन त्यांच्यापुढं गेला.

"काय चुकलं का, भाऊ? चला, ताटं वाढलीत."

भावकीतला सगळ्यांत वडील, दत्तोबा, दुसरीकडं बघत होता. त्याच्या मांडीवर साहेबाचं पुस्तक लांबमान्याच्या पानावर उघडं होतं.

"आमाला सुपारीला का बोलावलं न्हाई?" तो म्हणाला.

"घरातलीच तिघं व्हती, भाऊ. दुसरं कुनीच न्हवतं."

"ऱ्हाऊ द्या," दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "महिपतीला मान, आन आमाला नुस्ता भात."