ओलं मत, सुकं मत

इंदूरमध्ये दर रविवारी सकाळी दहा वाजता सहा माणसं एकत्र बसून जुन्या रॉक आणि हेवी मेटलच्या रेकॉर्डी ऐकत असत. एकाने आपला आवडता अल्बम आणायचा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचा, मग प्रत्येकाने त्याच्याविषयी मत सांगायचं आणि पोहे-जिलबी खाऊन घरी जायचं. ही पद्धत तीन वर्षं चालली. तिच्यात कोणी सुधारणा केलेली नव्हती, एवढाच तिच्यातला दोष.

इरावती मगदूम या मंडळात सर्वांत शेवटी आली. ती सांगलीकडची. सांवेर रोडवरच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती शेव, मसाले आणि तेलाचे नमुने तपासत असे. मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही ही तिची सवय होती. जे मोजता येत नाही त्याबद्दल ती गप्प राही, त्यामुळे मंडळातही ती फार बोलत नसे.

ती आली होती एका रेकॉर्डसाठी. तिचे वडील, आप्पा, साखर कारखान्यात फिटर होते. चाळीस वर्षांपूर्वी टर्बाइन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने जाताना त्यांना ‘कोल्ड फाउंड्री’ नावाच्या कुठल्याशा बँडचा अल्बम दिला होता. आप्पांनी तो झिजेपर्यंत ऐकला, पुढे घरातलं मशीन बिघडलं ते बिघडलंच. इरावती तेव्हा जन्मलीही नव्हती. इंटरनेटवर तिने खूप शोधलं. त्या बँडचा मागमूस नव्हता; होती ती आप्पांनी जपलेली एकच रेकॉर्ड, जी आता इरावतीकडे होती. आता आप्पांचा डावा कान गेला होता आणि उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, “दिवाळीपर्यंत धरून चाला.”

“दुसरी बाजू, शेवटचं गाणं,” आप्पा फोनवर ओरडून सांगत, कारण ऐकू कमी आलं की माणूस मोठ्याने बोलतो. “ड्रम एकदम थांबतो. मनात चार मोजायचे. मग सगळं अंगावर येतं बघ! पण स्वस्तातल्या मशीनवर लावू नकोस, सुई खरवडते.”

चांगलं मशीन इरावतीच्या माहितीत एकच होतं. ते जर्मन होतं आणि मंडळाचे अध्यक्ष संजीव बक्षी यांच्या दिवाणखान्यात होतं. संजीवजींचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. भिंतीवर त्यांची तलवार होती आणि तिच्या शेजारी केस मोकळे सोडलेल्या एका गिटारवाल्याचं पोस्टर. संजीवजी स्वतः एका सरकारी खात्यातून उपसंचालक म्हणून निवृत्त झाले होते. त्या खात्याचं काम काय, हे तीस वर्षांत त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

इरावतीची पाळी यायला चार रविवार होते. तेवढ्यात भांडण झालं.

संजीवजींनी आपला लाडका अल्बम वाजवला. रजत हा मंडळातला सगळ्यांत तरुण सदस्य, बँकेत नोकरीला. तो ‘भैया’चं इंदुरी ‘भिया’ करत म्हणाला, “भिया, चांगलाच आहे, पण तिसरं गाणं जरा खिंचून गेलंय.”

“खिंचून?” संजीवजी उभे राहिले. “अरे, ते गाणं ऐकून मी लग्नाला हो बोललो होतो!”

“मग तर अजूनच खिंचलंय,” रजत म्हणाला.

पोहे तसेच राहिले. इंदूरमध्ये पोहे तसेच राहणं ही गंभीर घटना आहे, म्हणून पुढच्या रविवारी विशेष बैठक झाली. निवृत्त मुख्याध्यापिका शुभदाताई या मंडळाच्या सचिव. त्यांनी तोडगा मांडला.

“आपलं शहर स्वच्छतेत पहिलं का येतं? कचरा वाईट नसतो, मिसळलेला कचरा वाईट असतो. आख्खं शहर केळ्याचं साल आणि प्लॅस्टिकची पिशवी वेगळी करतं, आपल्याला मतं वेगळी करता येऊ नयेत?”

इतकी साधी गोष्ट कोणाला सुचली नव्हती. तिथल्या तिथे दोन डबे आणले गेले. हिरवा डबा ओल्या मतांचा: डोळ्यांत पाणी आलं, कॉलेज आठवलं, अंगावर काटा आला. अशी मतं लवकर कुजतात, म्हणून त्याच दिवशी निकालात काढायची. निळा डबा सुक्या मतांचा: गिटारवाला कधी बदलला, रेकॉर्डिंग कोणत्या गावी झालं. ही टिकतात, शिवाय एका अल्बमचं मत धुऊन पुसून दुसऱ्यालाही वापरता येतं. ‘उगाच डोक्यावर चढवलाय’ हे घातक मत ठरलं. ते काळ्या पिशवीत बांधून सचिवांच्या हाती द्यायचं होतं.

पहिल्या दिवशी वर्गीकरणाला दीड तास लागला, तेव्हा अल्बमची एकच बाजू वाजली. दुसऱ्या रविवारी दोन गाणी वाजली. तिसऱ्या रविवारी शुभदाताईंच्या लक्षात आलं की गाणं चालू असतानाच सदस्यांच्या तोंडून ओली मतं गळतात, ती डब्यात पडत नाहीत आणि दिवाणखान्यात पसरतात. त्यामुळे मत आधी आणि संगीत नंतर, असा ठराव झाला आणि त्यासाठी पाचपैकी गुण द्यायचा छापील फॉर्म निघाला.

“पण ऐकायच्या आधी मत कसं देणार?” इरावतीने विचारलं. ती बोलली म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मी काय बोलतो इरावतीजी,” संजीवजी समजुतीने म्हणाले, “तुम्ही पहिले फॉर्म भरून टाका. बाकी सब हो जाएगा. आणि हो, आता पाळी नंबराने नाही. जो दुसऱ्यांच्या अल्बमला वेळेवर गुण देईल, त्याचा अल्बम वर सरकेल.”

इरावतीने पहिला फॉर्म तीन दिवस जवळ ठेवला. अल्बम तिने ऐकला नव्हता, म्हणून गुणांचा रकाना रिकामा होता. फॉर्म परत आला: ‘अपूर्ण.’ तिने आप्पांच्या उजव्या कानाचा विचार केला आणि ५ लिहिले. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या अल्बमला पाच. मग तिसऱ्याला साडेचार, कारण सारखे पाच दिले तर संशय येतो. असे अकरा आठवडे, अकरा अल्बम. हळूहळू तिला रकाना भरायला वेळच लागेनासा झाला.

तोवर संजीवजींनी बातमी आणली होती: संगीत मंडळांचं राज्यस्तरीय सर्वेक्षण होणार आणि भोपाळच्या मंडळानेही अर्ज केला आहे. भोपाळचं नाव निघताच उरलेसुरले वाद मिटले. सर्वेक्षणात चाळीस प्रश्न होते. मतं वेगळी करता का? किती टक्के? डब्यांवर झाकण आहे का? मंडळात गाणी ऐकतात का, हा प्रश्न नव्हता. सर्वेक्षण करणाऱ्यांना ते गृहीत धरण्यासारखं वाटलं असावं.

रजतने लॅपटॉपवर हिशोब मांडला. “भिया, ऐकलेल्या अल्बमला ओली मतं एकसष्ट टक्के. न ऐकलेल्याला शून्य. आपला सगळा प्रॉब्लेम ऐकण्यामुळे आहे.”

आकडेवारी बिनचूक होती. इरावतीने ती दोनदा तपासली; तिला चूक सापडली नाही, हेच तिला खटकलं. त्या दिवसापासून मशीनवर कापडी झाकण आलं आणि झाकणावर मनी प्लांट.

मग एका रविवारी संजीवजी तिचा हात हातात घ्यायचे बाकी राहिले, इतके गहिवरले. “अभिनंदन! तुमचा अल्बम मंडळाचा आदर्श अल्बम झाला. चार पूर्णांक आठ! मी तर बोलतो, ऐसा अल्बम दुनिया में नहीं. जगात कोणाचंच त्याच्याबद्दल मत नाही. एकदम साफ!”

“मग आता वाजवूया ना,” इरावती म्हणाली. “आप्पा गुरुवारी येतायत.”

“वाजवला तर मळेल ना, बेटा,” शुभदाताई म्हणाल्या.

अल्बम नोंदवताना मंडळाकडे जमा केलेली रेकॉर्ड तिने परत मागितली. ती फ्रेम करायला गेली होती. सर्वेक्षण होईपर्यंत ती मंडळाची मालमत्ता आहे, असं अकराव्या फॉर्मच्या मागे छापलेलं होतं. खाली इरावतीची सही होती. फॉर्मची मागची बाजूही तिने ऐकलेली नव्हती, म्हणजे वाचलेली नव्हती.

सर्वेक्षणाच्या दिवशी आप्पा नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, उजवा कान मशीनकडे करून. भिंतीवर तलवार आणि गिटारवाला यांच्या मध्ये काचेत त्यांची रेकॉर्ड होती आणि खाली ‘४.८’ अशी पाटी. ती घसरू नये म्हणून चार स्क्रू मारले होते. आप्पा फिटर होते. स्क्रू काचेला नसून रेकॉर्डला मारलेत, हे त्यांना लांबूनच दिसलं.

सर्वेक्षणाला खुशी नावाची मुलगी आली होती, हातात टॅब. तिने डब्यांचे फोटो काढले, झाकणं उघडून पाहिली, आणि शेवटी एका पाहुण्याचा अभिप्राय हवा म्हणून आप्पांपुढे वाकली. “अंकलजी, आदर्श अल्बम कसा वाटला?”

“वाजवलाच नाही,” आप्पा म्हणाले.

खुशीने टॅबकडे पाहिलं. तसा पर्याय नव्हता. “म्हणजे तुम्हाला आवाज नाही आला?”

“आवाज होताच कुठे? वाजवलाच नाही!” आप्पा आणखी मोठ्याने म्हणाले.

खुशीने संजीवजींकडे पाहिलं. संजीवजींनी दुःखी चेहऱ्याने स्वतःच्या कानाला बोट लावलं. खुशीने समजून मान हलवली आणि एक चौकोन निवडला: ‘श्रवणदोष, वयोमानानुसार.’ मंडळाला दिव्यांग-स्नेही असल्याचे दोन गुण जास्त मिळाले. भोपाळ दीड गुणाने मागे राहिलं.

घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेले आप्पा म्हणाले, “पाटीवरचे ते गुण कोणी दिले गं?”

“सगळ्यांनीच दिले असतील.”

“तू?”

“पाच.”

“कधी ऐकलीस?”

इरावतीने ब्रेक दाबला. पलासिया चौकात सिग्नल लाल होता. आप्पांनी तिच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला, जोरात, जसा त्यांना आठवत होता तसा. मग एकदम थांबले. तिने मनात चार मोजले. पाच मोजले. दहा मोजले. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजू लागले. आप्पांना ते ऐकू आले नाहीत.

सोमवारी ती कामावर गेली. टेबलावर लसूण शेवेची तीन पाकिटं होती आणि समोर अहवाल. आर्द्रता, टक्के. तिने ४.८ लिहिलं, सही केली आणि पुढचा कागद ओढला. मग हात थांबला. पाकिटं बंदच होती.

तिने आकडा खोडला, पाकीट फोडलं, शेव तोलली, वाळवली, पुन्हा तोलली. दोन पूर्णांक एक आलं. तिने तेच लिहिलं. मग मागच्या अकरा आठवड्यांची फाईल काढली. त्यातली किती पाकिटं आपण खरोखर उघडली होती, हे तिला कितीही आठवलं तरी आठवेना. सगळ्या अहवालांवर सही तिचीच होती आणि माल केव्हाच बाजारात गेला होता.

त्यातलं एखादं पाकीट, ही गोष्ट वाचता वाचता तुम्ही संपवत आणलं असेल. मागवतानाच ॲपवर तारे बघितले होतेत ना? चार पूर्णांक आठ होते.