रामटेके सरांचा ‘मधला’

आमच्या शाळेचे गणिताचे रामटेके सर कोणतीही गोष्ट एकाच माणसाला विचारत नाहीत. तिघांना विचारतात आणि मधलं उत्तर धरतात. राजुऱ्याच्या स्टँडवर चंद्रपूरची बस किती वाजता, असं त्यांनी एकदा माझ्यादेखत तिघांना विचारलं. एक म्हणाला सव्वादहा, दुसरा साडेदहा, तिसरा पावणेअकरा. सर साडेदहा धरून मला चहाला घेऊन गेले. बस सव्वादहाला गेली.

“बस चुकली भाऊ, पन पद्धत नाई चुकली,” सर म्हणाले. बस माझीही चुकली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शर्टाचं माप ते तीन टेलरांकडून घेतात. गळा एकाचा, बाही दुसऱ्याची, उंची तिसऱ्याची. शर्ट अंगावर असतो, पण त्यांचा वाटत नाही. लग्नाच्या वेळी म्हणे मुलगी कशी वाटते, हे त्यांनी तीन मामांना विचारलं होतं. दोघांनी लगेच कळवलं. तिसरे मामा भामरागडला नोकरीवर. पावसाळ्यात तिकडचा रस्ता बंद झाला आणि त्यांचं पत्र दिवाळीला आलं. तोवर त्या मुलीचं लग्न दुसरीकडे होऊन गेलं होतं. हा किस्सा सर स्वतःच हसत सांगतात, म्हणून आम्हीही हसतो. सर आता त्रेपन्न वर्षांचे आहेत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत बसून एक ऑनलाइन व्यवस्था तयार केली. नाव ठेवलं ‘मधला’. मुलांनी गृहपाठाचा फोटो घरच्या मोबाइलवरून टाकायचा. तो नाव झाकून वर्गातल्याच तीन मुलांकडे जायचा. तिघांनी दहापैकी गुण द्यायचे, एखादं वाक्य लिहायचं आणि मधला गुण खरा मानायचा. नववी ‘ब’ची बेचाळीस मुलं आणि मी शिकवतो त्या मराठीचा निबंध यांच्यावर प्रयोग ठरला. मी लगेच पाठिंबा दिला. त्यात शिक्षणप्रेम कमी आणि वह्या तपासायचा कंटाळा जास्त होता, हे कबूल करतो.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी सगळ्यांना दहा दिले. सर वर्गात जाऊन ओरडले, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी सगळ्यांना दोन दिले. मग सरांनी नवा नियम घातला: ज्याचा गुण मधल्यापासून फार लांब पडेल, त्याचेच दोन गुण कापायचे. मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात. तिसऱ्या आठवड्यात आख्ख्या वर्गाने एकमेकांना सहा दिले.

“पोरं मधात लपून राह्यले, भाऊ,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा मला पाहवला नाही. आयुष्यभर ज्या मधल्यावर भरवसा ठेवला, त्यानेच दगा दिला होता.

त्यावर त्यांनी काय उपाय केला, ते मला पठाण मॅडमकडून कळलं. मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी गुणांची यादी माझ्यासमोर टाकली.

“पटावर पोरं बेचाळीस. मग हा त्रेचाळीस नंबर कोन आहे?”

आमच्या खात्यात माणूस आजारापेक्षा जास्त कशाला भीत असेल तर बोगस विद्यार्थ्याला. सरांना बोलावलं. ते खाली मान घालून म्हणाले, “मॅडम, तो मी हाय. पोरं नीट तपासतात का नाई, हे पाहाले एक निबंध मीच लिहून टाकला.”

“तपासनी आली तं मी काय सांगू? त्रेपन्न वर्षांचा पोरगा नववीत हाय म्हनून? शुक्रवारपर्यंत तो नंबर काढा, नाई तं तुमचं ‘मधला’ बंद.” मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुम्ही मराठीचे ना? वाचा त्यात काय हाय.”

विषय मीच दिला होता, ‘आमच्या घरचा रविवार’. यादीमागे निबंधाची छापील प्रत होती. त्रेचाळीस नंबरने लिहिलं होतं:

‘रविवारी मी वांग्याची भाजी करतो. एकट्यापुरती भाजी मला अजून जमत नाही, म्हणून ती सोमवारीही असते. दुपारी जवळच्या खाणीत ब्लास्ट होतो, तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात. तेवढा वेळ घरात कोणी असल्यासारखं वाटतं.’

एवढंच. खाली तिघांचे शेरे. पहिल्याने चार दिले होते: ‘खोटा निबंध. घरात एकटं कोन राह्यते?’ दुसऱ्याने सहा: ‘अक्षर छान, पण शेवट नाही.’ तिसऱ्याने दहा दिले होते आणि लिहिलं होतं: ‘खरं लिहिलं. रविवारी आमच्या घरी जेवाले ये. माझी आई कोणालेबी जेवाले देते. स्टँडच्या मागं, हिरवा दरवाजा.’

मी कागद मॅडमना दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि शुक्रवारची गोष्ट पुन्हा काढली नाही. माझी मात्र मान वर होईना. पंधरा वर्षं मी सरांच्या शेजारी बसून डबा खातो, आणि मला मामांचा किस्साच तेवढा ठाऊक होता.

सरांनी शुक्रवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी मला शेजारी बसवून त्यांनी त्रेचाळीस नंबर काढायला घेतला. नियमाप्रमाणे दहा देणाऱ्याचे दोन गुण कापले गेले होते. सरांनी स्वतःच्या हाताने ते गुण परत भरले.

“सर, मधला तर सहा आहे,” मी चिडवलं.

“असू द्या,” सर म्हणाले. ते हिरव्या दरवाजाचं वाक्य कागदावर उतरवून घेत होते.

रविवारी मी चंद्रपूरच्या बससाठी स्टँडवर उभा होतो. पलीकडे पानठेल्यापाशी सर दिसले. हातात स्टीलचा डबा, वरून फडकं बांधलेलं. वांग्याचीच भाजी असणार.

“स्टँडच्या मागं हिरवा दरवाजा कुठी आला, भाऊ?” त्यांनी ठेलेवाल्याला विचारलं.

त्याने हात केला. बाजूला दोन ऑटोवाले रिकामेच बसले होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ठेलेवाल्याने दाखवलं तिकडे ते सरळ चालू लागले.