शववाहिकेतला धूर

हॅलिफॅक्सच्या क्लेग अंत्यविधी कंपनीची शववाहिका चालवणाऱ्या नॉरिसने सिगारेट सोडली होती, पण तलफ काही सुटली नव्हती. म्हणून तो व्हेप, म्हणजे बॅटरीवरची व्हॅनिला कस्टर्डच्या वासाची सिगारेट ओढायचा, तेही स्टिअरिंगखाली लपवून. कारण मालक क्लेगसाहेब भलते कडक. उंच काळी टोपी घालून, काठी टेकत ते स्वतः गाडीपुढे पायी चालायचे. त्यांची पाठ दिसली, की नॉरिसचा झुरका.

त्या सकाळी त्याच्या व्हेपची कॉइल, म्हणजे आतला द्रव तापवून वाफ करणारी तार, गेली. दुकानात नेहमीची १.८ ओहमची नव्हती, ०.६ ची मिळाली. आकडा लहान म्हणजे कॉइल सौम्य, असं नॉरिसने स्वतःच ठरवून टाकलं. सौम्य आहे म्हटल्यावर जोर द्यायला हवा, म्हणून व्होल्ट पार वर चढवले.

सिरिल बटरवर्थ यांची अंत्ययात्रा निघाली. मागच्या गाडीत त्यांची बायको आयव्ही एकटीच बसली होती. नॉरिसने वाकून झुरका घेतला आणि घशात निखारा उतरला. तो खोकू लागला. नाकातोंडातून एवढा धूर निघाला, की समोरचे साहेबच दिसेनात. काच उघडावी, तर साहेबांना वास जाणार. त्याने पंखा लावला. पंख्याने धूर इमानदारीत मागे, शवपेटीकडे ढकलला.

बसथांब्यावरच्या एका आजोबांनी आदराने टोपी काढली. मग ढगात तरंगणारी पेटी बघून ते ओरडले, "अहो, पेटली की हो ही!"

क्लेगसाहेब वळले नाहीत. अंत्ययात्रेत मागे बघायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. इकडे नॉरिस बाहीने काच पुसायला गेला आणि त्याचं कोपर हॉर्नवर पडलं. साहेब टुणकन उडाले आणि टोपी गटारात गेली. नॉरिसने ब्रेक मारून दार उघडलं, तसा जळक्या कस्टर्डचा लोट रस्ताभर पसरला.

"नॉरिस! मेलेल्या माणसाला धुरी देतोस?" साहेब काठी उगारून धावले. "आत्ताच्या आत्ता चावी दे. उद्यापासून येऊ नकोस!"

"साहेब, कॉइल सौम्य होती हो..."

एव्हाना आयव्हीबाई उतरून जवळ आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "बघू ते."

नॉरिसने मान खाली घालून व्हेप दिला. बाईंनी चष्मा लावून तो निरखला.

"पॉइंट सहाच्या कॉइलला चार पॉइंट आठ व्होल्ट? अरे बाबा, ओहम कमी म्हणजे अडवणारं कमी. वीज सुसाट जाते. आतला कापूस जाळलास बघ. नवीन घाल आणि साडेतीनच्या वर जाऊ नकोस."

क्लेगसाहेबांनी आ वासला. "बाई, तुम्हाला हे..."

"सिरिलना चाळीस वर्षं पाइप ओढायला अंगणात पाठवलं मी. थंडीत, पावसात. मग कुठल्या तोंडाने सांगणार त्यांना, की न्हाणीघरात मीसुद्धा..." त्यांनी पेटीकडे पाहून डोळे टिपले. मग त्या खुदकन हसल्या. "आज कळलं असेल म्हणा! आणि याला कामावरून काढू नका हं. सिरिलना अगदी घरच्यासारखं वाटलं असेल."

साहेबांनी गाळ झटकून टोपी चढवली आणि पुन्हा पुढे चालू लागले. नॉरिसने आरशात पाहिलं. मागच्या गाडीच्या खिडकीतून व्हॅनिलाच्या वाफेची एक बारीक, सुबक रेघ बाहेर पडत होती.