खोकणारा रोबो

"म्हणजे हा रोबो फिरकी टाकतो, पण डोळ्यात टाकत नाही, असं लिहून द्याल का?" चिमणीच्या आईने विचारलं.

खेळाच्या सामानाचा दुकानदार मघापासून दोन हातांत दोन बॅटी धरून उभा होता. एकीचं रबर गुळगुळीत, दुसरीचं दाणेदार. आईने दोन्ही नखाने दाबून पाहिल्या होत्या, वास घेऊन पाहिला होता आणि बॅट हातातून निसटली तर कुठवर जाईल, हेही विचारून झालं होतं.

"ताई, टेबल टेनिसच्या चेंडूने आजवर कुणी दगावलेलं नाही हो."

"तुमच्या कानावर आलं नसेल," आई म्हणाली. ती एका विमा कंपनीसाठी घरी बसून अपघातांचे दावे तपासायची. मोजा घालताना हात मोडलेल्या गृहस्थांचा दावा तिने स्वतः मंजूर केला होता.

खरा प्रश्न चिमणीचा होता. गेल्या वर्षी शाळेच्या संघाची निवड होती. समोरच्या मुलीने नुसतं रोखून पाहिलं आणि चिमणीची सर्व्हिस तिच्या स्वतःच्याच हनुवटीवर बसली. घरी येऊन ती दप्तरावर डोकं टेकून रडली. "एकटी असले ना, की छान येतं गं मला. समोर माणूस आला की हातपायच गळतात." यंदाची निवड आता तोंडावर आली होती. आईने यावर साधा उपाय काढला: समोर माणूसच नको.

त्यामुळे चेंडू फेकणारा रोबो आला. जेवणाच्या टेबलाला मधोमध जाळी अडकवली, एका टोकाला रोबो बसवला. चिमणीला पोहण्याचा चष्मा घातला. वेगाचं बटण सर्वांत कमीवर आणून आईने त्यावर चिकटपट्टी मारली, पुन्हा एक मारली, आणि दार ओढून घ्यायच्या आधी म्हणाली, "मी इथेच बसते, कोपऱ्यात."

"अजिबात नाही! तू बघत बसलीस तर तूपण माणूसच झालीस ना?"

हे बिनतोड होतं. दार बंद झालं. दुपारी सासूबाई आपल्या खोलीत आडव्या होत, आई बेडरूममध्ये दावे तपासत बसे आणि हॉलमधून आवाज येई. टक, टक. टक, टक. आईला बरं वाटे.

पण थोड्याच दिवसांत तिच्या कानांना काहीतरी खटकायला लागलं. टक-टक मध्येच थांबे. मग घर्रर्र असं काहीतरी सरके. एकदा तर रोबो खोकला.

तिने हेल्पलाइनला फोन लावला.

"खोकला म्हणजे मॅडम, मोटर अडकल्यासारखा आवाज?"

"नाही हो. सर्दी झाल्यासारखा. आणि तो इकडून तिकडे सरकतो."

"त्याला चाकं नाहीत, मॅडम."

"मलाही तेच आश्चर्य वाटतंय."

घरातही चमत्कारिक गोष्टी चालल्या होत्या. भाजी चिरायची फळी संध्याकाळी स्वयंपाकघरात सापडेनाशी झाली. "माझी कामाची खुर्ची रोज उठून हॉलमध्ये कशी जाते?" नवऱ्याने विचारलं. आणि गुडघ्यामुळे भिंत धरून चालणाऱ्या सासूबाई रात्री जेवताना भलत्याच खुशीत दिसत. आईने या सगळ्याचा वेगवेगळा विचार केला. एकत्र काही केला नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी रोबो हसला. आईने पुन्हा फोन लावला.

"आता मात्र मला स्वतः ऐकायचंय," हेल्पलाइनवरच्या माणसाचंही कुतूहल चाळवलं होतं. "फोन त्याच्याजवळ न्या. स्पीकर लावा."

आईने हळूच दार ढकललं. रोबो कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसला होता. त्याच्या जागी, नवऱ्याच्या चाकांच्या खुर्चीत, पोहण्याचा चष्मा लावून आणि हातात भाजीची फळी घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

"हरलीस!" त्या ओरडल्या. "तोंड पाडू नकोस, सर्व्हिस कर. झोप यायला लागली मला!"

"तू चीटिंग केलीस, आजी! चेंडू टाकताना मुद्दाम खोकतेस!"

"मॅडम," फोनमधून आवाज आला, "हा आमचा माल नाही."

"अहो आई, गुडघा!" आई जवळजवळ किंचाळली.

"गुडघा खुर्चीत आहे. खेळतोय हात."

"पण रोबो..."

"तू त्याला एवढ्या चिकटपट्ट्या लावल्यास," चिमणी म्हणाली, "की त्याचा चेंडू जाळीपर्यंत पोचतच नाही. बिचारा स्वतःच्याच पायाशी टाकत बसतो."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या रोबोची माहिती वाचायला बसली असतीस," सासूबाई चष्मा कपाळावर सारत म्हणाल्या. "पोरीची निवड पुढच्या वर्षावर गेली असती."

दुसऱ्या दिवशी शाळेत आई खिडकीशी उभी राहिली, अर्धे डोळे मिटून. चिमणीसमोर तीच गेल्या वर्षीची मुलगी होती. तिने तसंच रोखून पाहिलं. आईचेच हातपाय गळाले. चिमणीने मात्र जांभई दिली.

"कर गं सर्व्हिस," ती म्हणाली. "झोप यायला लागली मला."

संघात तिचं नाव आलं. घरी येताना आईने हळूच विचारलं, "भीती नाही वाटली?"

"कसली? ती नुसती बघते. आजी बघते, खोकते, आणि हरायला लागली की गुडघा दुखतो म्हणते."

संध्याकाळी हेल्पलाइनचा फोन आला. "मॅडम, तक्रार बंद करू ना? आणि तो रोबो तुम्हाला नको असेल तर परत घेऊ शकतो."

आईने हॉलकडे पाहिलं. सासूबाई खुर्चीत बसून फळी टेबलावर आपटत होत्या. "सूनबाई, ये समोर. एकदा तूही खेळून बघ, मग काळजी कर!" असं म्हणत त्यांनी एक चेंडू सोडलाच. आई फोनसकट टेबलाखाली गेली.

"मॅडम? आहात ना?"

"आहे," टेबलाखालून आई म्हणाली. "रोबो राहू द्या. मी शिकणार आहे त्याच्यावर. सर्वांत कमी वेगावर."

"पण त्या वेगाला चेंडू जाळी ओलांडत नाही, मॅडम."

"हो ना," आई म्हणाली, "म्हणूनच."