इंजिन बंद करू नका

प्रतापच्या गाडीला शनिवारी दुपारी एकपर्यंतची मुदत होती.

गाडी म्हणजे एकवीस वर्षांची डिझेल कॅम्परव्हॅन. मागे दोन बर्नरची शेगडी, घडीचा पलंग, वर उचलता येणारं छप्पर. मंगळवारच्या एमिशन टेस्टमध्ये ती नापास झाली होती. धूर मर्यादेच्या दीडपट. पुन्हा टेस्ट द्यायची शेवटची संधी शनिवारी, एकला गॅरेज बंद व्हायच्या आत. टेस्ट पास झाल्याशिवाय नंबरप्लेटवर नवं स्टिकर लागत नाही, आणि ओंटारिओत जुनं स्टिकर मालकाच्या वाढदिवशी संपतं. प्रतापचा पासष्टावा वाढदिवस सोमवारी होता. त्याच सोमवारी सकाळी नऊ वाजता अरुणानं टो-ट्रक बोलावून ठेवला होता. एका पर्यावरण संस्थेची योजना होती: जुनी गाडी मोडीत द्या, बदल्यात नवी सायकल घ्या.

"रंग निळा सांगितलाय मी," अरुणा म्हणाली.

"अजून शनिवार जायचाय."

"जाऊ दे ना. तुमची ती पास झाली, तर मी एक शब्द बोलणार नाही. नापास झाली, तर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. मंजूर?"

प्रतापनं मंजूर म्हटलं. अरुणा गाडीला कायम 'तुमची ती' म्हणायची, आणि एकवीस वर्षांत तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर एकदाही बसली नव्हती.

गॅरेजवाल्या मान्युएलनं त्याला नीट समजावून सांगितलं होतं. प्रतापनं ते डायरीत उतरवून घेतलं होतं, कारण निवृत्त झाला तरी तो इंजिनिअर होता. एक, टेस्टच्या आधी अर्धा तास गाडी हायवेवर तापवायची. दोन, तिथून थेट गॅरेजला यायचं. तीन, मध्ये इंजिन बंद करायचं नाही. चार, तिसऱ्या गिअरमध्ये जोरात चालवायची. "तू हिला फार जपून चालवतोस," मान्युएल म्हणाला होता. "सगळी काजळी आतच बसलीय. जरा पळव तिला." पहिल्या तीन मुद्द्यांखाली प्रतापनं रेघ मारली होती. चौथ्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तिसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा होता, कारण गाडीचा स्टार्टर गेला होता; नुसत्या किल्लीनं ती सुरू होत नव्हती. नवा पार्ट जर्मनीहून यायला अजून दहा दिवस होते. तोपर्यंत प्रताप गाडी फक्त उतारावर लावत होता, तोंड खाली करून. ओकव्हिलच्या त्यांच्या घराचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता होता, हे त्याचं नशीब. ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की इंजिन धरायचं.

शनिवारी अकरा वाजता इंजिन धडधडत होतं आणि प्रताप ब्रेकवर पाय ठेवून बसला होता. तेवढ्यात अरुणा घराला कुलूप लावून बाहेर आली. हातात निळ्या झाकणाचा डबा.

"मी येतेय. नीलिमाचा डबा तीन आठवडे आपल्याकडे पडलाय. आज वड्या झाल्या, भरलाय."

"आज? अगं, आज बर्लिंग्टनला कसं जाणार?"

"तुम्ही हायवेवर नुसती गाडी तापवायला जाणार ना? मग बर्लिंग्टनच्या बाजूला तापवा. तापायला दिशा लागते का?"

प्रतापनं या युक्तिवादात चूक शोधली. सापडली नाही. "पण इंजिन बंद करायचं नाही हं."

"मी दारातूनच देणार. एक मिनिट."

हायवे ४०३ वर प्रताप उजव्या लेनमधून ऐंशीनं निघाला. मागून येणारे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते. तापमानाचा काटा सावकाश वर चढत होता. प्रताप दर मिनिटाला काटा बघत होता, आणि अरुणा दर मिनिटाला त्याला.

साडेअकराला तो बर्लिंग्टनला नीलिमावहिनी आणि शरदचंद्रांच्या घरासमोर थांबला. रस्ता टेबलासारखा सपाट होता, हे त्यानं लगेच टिपलं. हँडब्रेक लावला, इंजिन चालू ठेवलं. अरुणा डबा घेऊन दाराशी गेली. नीलिमावहिनींनी दार उघडलं. अरुणानं डबा दिला. नीलिमावहिनींनी डबा घेतला आणि डब्याबरोबर अरुणाचा हातही धरून तिला आत नेलं.

एक मिनिट झालं. दोन झाली. चार झाली. प्रतापनं हॉर्न दिला. समोरच्या घरातल्या बाईंनी पडदा बाजूला केला. प्रताप ओशाळला, आणि अरुणाला आणायला गाडी तशीच धडधडती ठेवून आत गेला.

"या, या प्रतापराव! पोहे तयारच आहेत."

"वहिनी, नको. बाहेर इंजिन चालू आहे."

"मग राहू दे की चालू. ते काय उतू जाणारे? बसा. माझ्या दारातून आजवर कोणी चहाशिवाय गेलंय का?"

"अरुणा," प्रताप दातांतल्या दातांत म्हणाला.

"डबा रिकामा करून देतेय ती," अरुणा म्हणाली. "घेऊनच निघू."

पण नीलिमावहिनी डबा नुसता रिकामा करून थोडाच देणार? त्या त्यात चकल्या भरत होत्या. एकेक, न मोडता. प्रतापनं उभ्या उभ्या पोह्यांचा पहिला घास घेतला. त्याचा एक कान बाहेरच्या धडधडीकडे होता. दुसऱ्या घासाला त्याला वाटलं, पोहे फारच छान ऐकू येताहेत. कुरकुरीत शेंगदाण्यासकट. मग त्याच्या लक्षात आलं, की दुसरं काहीच ऐकू येत नाहीये.

दारातून शरदचंद्र आत आले. भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. सकाळचा फेरफटका आटपून आले होते, आणि त्यांच्या बोटात व्हॅनची किल्ली फिरत होती.

"प्रतापराव, अहो गाडी चालूच विसरलात! मी बंद केली."

प्रतापचा चमचा हवेतच राहिला.

"आपल्याकडे तीन मिनिटांच्या वर आयडलिंग करायला बंदी आहे," शरदचंद्र समाधानानं म्हणाले. "या नियमासाठी मी टाउनला सात पत्रं लिहिली होती. आणि नेमकं माझ्याच दारात... काय झालं? ठसका लागला का?"

प्रतापनं किल्ली घेतली आणि पायात कोणाच्या तरी चपला घालून धावला. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

परिस्थिती सांगायला एक मिनिट गेलं. शरदचंद्रांना अपराधी वाटायला अजिबात वेळ लागला नाही. "माझ्यामुळे एका गाडीचा जीव जाणार," ते म्हणाले आणि कमरेला पट्टा बांधायला आत गेले. त्यांना डिस्कचा त्रास होता. नीलिमावहिनींचा गुडघा बदललेला. ढकलण्यासारखा माणूस एकटा प्रताप. मग स्टिअरिंगवर कोण बसणार?

सगळ्यांनी अरुणाकडे पाहिलं.

"मी नाही बसायची तुमच्या तिच्या जागेवर."

"अरुणा, तू चंद्रपूरला जीप चालवायचीस."

"बाबा रेंज ऑफिसर होते तेव्हा. अडतीस वर्षं झाली! इथं आल्यापासून क्लचला पाय लावला नाही मी."

"दुसरा गिअर. मी सांगितलं की क्लच सोड. एवढंच."

अरुणानं पदर खोचावा तसा दुपट्टा खांद्यावरून घेऊन कमरेला बांधला आणि वर चढली. सीट पुढे ओढली. सीटवर पडलेली डायरी उचलून एकदा बघितली आणि डॅशबोर्डवर ठेवली.

पहिल्या प्रयत्नात गाडी चार फूट सरकली. दुसऱ्यात दहा फूट. समोरच्या बाई बाहेर आल्या आणि न विचारता मागून लागल्या. नीलिमावहिनींनी एका हातानं टेकू दिला, दुसऱ्या हातात डबा होता. सव्वाबाराला प्रताप ओरडला, "सोड!"

गाडी थरथरली, खोकली आणि धरली. मागून काळ्याभोर धुराचा लोट निघाला आणि थेट शरदचंद्रांच्या पांढऱ्या शर्टावर बसला. नीलिमावहिनींनी गुडघा विसरून धावत जाऊन खिडकीतून डबा आत टाकला.

"आता थांबव, मी बसतो!"

"थांबवली तर बंद पडेल!" आतून आवाज आला, आणि व्हॅन कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

शरदचंद्रांची हायब्रिड गाडी काढून ते दोघं मागे निघाले. हायवेच्या तोंडाशी व्हॅन दिसली. ओकव्हिलला जायला डावीकडे वळायचं होतं. व्हॅन उजवीकडे वळली.

"ही हॅमिल्टनला चाललीय!" प्रतापनं फोन लावला. अरुणाच्या पर्समध्ये फोन वाजत राहिला. "चुकली. संपलं. बारा वीस झाले."

शरदचंद्रांनी काच वर घेतली. व्हॅनच्या मागे काळी शेपटी लांबत चालली होती आणि आजूबाजूच्या गाड्या लेन बदलून लांब सरकत होत्या. प्रताप कितीतरी वेळ बघत राहिला.

"शरदभाऊ, ही एवढा धूर सोडते?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी नेहमी पुढे बसतो," प्रताप म्हणाला.

व्हॅन आता नव्वदच्या वर होती. इंजिनाचा आवाज काचेतून ऐकू येत होता, किंचाळल्यासारखा. "तिसऱ्यातच चालवतेय. गिअर बदल गं बाई. फुटेल ते!" त्याचा उजवा पाय हायब्रिडमधल्या पायाखालच्या मॅटवर आपोआप ब्रेक दाबत होता. हॅमिल्टनच्या अलीकडच्या एक्झिटला व्हॅन उतरली, पुलावरून वळली आणि ओकव्हिलच्या दिशेला लागली. वेग तसाच. बारा बत्तीस. धुराची शेपटी करडी झाली. बारा चाळीसला ती आखूड झाली. बारा पंचेचाळीसला प्रतापनं चष्मा पुसून पुन्हा लावला. चष्म्याचा दोष नव्हता. धूर दिसतच नव्हता.

गॅरेजच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. व्हॅन थांबली. चढावर. हिरवा झाला. व्हॅन इंचभर मागे आली, एक आचका दिला आणि पुढे गेली.

मान्युएल शटर निम्मं खाली ओढून उभा होता. व्हॅन त्याच्यापुढे येऊन धडधडत राहिली. एकला पाच मिनिटं कमी असताना त्यानं धूर मोजायची नळी मागे लावली. प्रताप मशिनच्या पडद्याकडे पाठ करून उभा राहिला. शरदचंद्र काळा शर्ट घालून आल्यासारखे दिसत होते. प्रिंटरनं कागद बाहेर टाकायला जो वेळ घेतला, तेवढ्यात प्रतापनं मनातल्या मनात गाडीतून शेगडी, पलंग आणि पडदे उतरवून घेतले.

"पास," मान्युएल म्हणाला. "मर्यादेच्या निम्मा. मंगळवारी कोण चालवत होतं?"

"मी."

"आणि आज?"

प्रतापनं अरुणाकडे बोट दाखवलं. मान्युएलनं तिला टोपी काढून नमस्कार केला.

घरी जाताना अरुणा सीटवरून उठली नाही. उठली असती तर इंजिन बंद पडलं असतं, असं तिचं म्हणणं होतं.

"हॅमिल्टनला कशी गेलीस तू? रस्ता चुकलीस ना?"

"चुकले कशाला? डायरीत लिहिलंय, अर्धा तास. सरळ आले असते तर वीसच मिनिटं झाली असती. तिसरा गिअर, जोरात, हेही तुमच्याच अक्षरात होतं."

"त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं."

"मला नाही दिसलं."

प्रतापनं डॅशबोर्डवरची डायरी उचलून खिशात ठेवली. "नापास झाली असती तर तुला सायकल मिळाली असती."

"परीक्षेला बसायचं ते पास व्हायला," अरुणा म्हणाली. तिनं उलट्या गिअरमध्ये व्हॅन ड्राइव्हवेवर चढवली, तोंड रस्त्याकडे करून, पहिल्याच दमात. किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. "टो-ट्रकवाल्यांना सोमवारी फोन करते. आज त्यांचं ऑफिस बंद असतं."

रविवारी मॉलमधल्या मशिनमधून नवं स्टिकर आणून प्रतापनं ते प्लेटवर चारही कोपरे दाबून चिकटवलं.

सोमवारी आठला तो उठला. घरात शांतता होती. चहाचं पाणी ठेवता ठेवता त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. ड्राइव्हवेवर तेलाचा एक डाग होता. व्हॅन नव्हती.

अरुणा फोन करायला विसरली. ट्रक लवकर आला. एवढं त्याला कळलं, आणि तो पायजम्यावर रस्त्यापर्यंत धावला. "अरुणा!" त्यानं हाक मारली. अरुणाही नव्हती. त्यानं संस्थेला फोन लावला. ऑफिस नऊला उघडतं, असं रेकॉर्ड केलेल्या आवाजानं पाच वेळा सांगितलं. एव्हाना व्हॅन दाबून चपटी केली असेल. नव्या स्टिकरसकट.

नऊला पाच मिनिटं कमी असताना टो-ट्रक आला. रिकामा. ड्रायव्हर कागद घेऊन उतरला. "गुड मॉर्निंग. व्हॅन कुठाय?"

"तुम्ही नेली नाही?"

"मी आत्ता येतोय."

प्रतापला क्षणभर आनंद झाला. मग तो पायरीवर बसला. नेली नाही, म्हणजे चोरीला गेली. पण स्टार्टर नसलेली गाडी चोरणार कोण? ब्रेक सोडून, आवाज न करता घरंगळत नेणं ज्याला माहीत आहे, असा चोर...

फोन वाजला.

"हॅपी बर्थडे, प्रतापराव!" नीलिमावहिनी होत्या. मागे ओळखीची धडधड ऐकू येत होती. "आम्ही ग्वेल्फच्या तळ्यावर आलोय. अरुणा बोलतेय, थांबा, फोन तिच्या कानाला धरते."

"अहो, ट्रक नऊला येणार आणि ऑफिसही नऊलाच उघडतं. म्हटलं, गाडी आधी दारातून काढावी. तुम्ही झोपला होतात. आता नीट ऐका. इथलं पार्किंग सपाट आहे. उतार कुठेच नाही. आणि बोर्ड आहे, तीन मिनिटांच्या वर इंजिन चालू ठेवू नका. शरदभाऊंनीच लावून घेतला असेल. मी गोल गोल फिरतेय. अकरा फेऱ्या झाल्या. नीलिमाला गरगरायला लागलंय. बंद करू का?"

"करू नकोस!" प्रताप उभा राहिला. ड्रायव्हर परत ट्रककडे निघाला होता. प्रतापनं त्याला हात केला. "एक मिनिट! ग्वेल्फला याल का? गाडी तिथं आहे. मोडीत न्यायची नाही. जरा ओढून चालू करून द्यायची."

ड्रायव्हरनं कागदाकडे पाहिलं, पायजम्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि होकाराची मान डोलावली.

"येतोय मी," प्रताप फोनमध्ये म्हणाला. "फिरत राहा. तिसऱ्यात नको, दुसऱ्यात."

"या. आणि येताना ओट्यावरचा नीलिमाचा डबा घेऊन या," अरुणा म्हणाली. "रिकामा आणू नका."

फोन बंद झाला. प्रताप स्वयंपाकघरात शिरला. निळ्या झाकणाच्या डब्यात चकलीचा एक तुकडा उरला होता. बाहेर ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं होतं. प्रतापनं घड्याळात वेळ बघितली आणि फडताळातले डबे एकेक करून उघडायला सुरुवात केली.