आवाजाचे कारण ठरेपर्यंत

पेण आणि रोहा तालुक्यांच्या शिवेवर, खाडीच्या बांधावर, भाद्रपदातल्या एका दुपारी प्रचंड आवाज झाला. जेवून आडवी झालेली माणसे उठून बसली आणि चपला शोधून बांधाकडे निघाली. तिथे करंजाची झाडे कमरेएवढ्या उंचीवर मोडून पडली होती. वारा नव्हता, पाऊस नव्हता, आकाश स्वच्छ होते.

त्यातला एक ओंडका नेमका उघाडीत पडला. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली मोरी. तिची फळी ओहोटीला उघडून शेतातले पाणी सोडते आणि भरतीला मिटून खारे पाणी अडवते. ओंडक्याने फळी उघडीच अडकवली. सध्या भरती मंद होती, पाणी उंबऱ्याशी येऊन परत जाई. पण सर्वपित्री अमावस्येच्या उधाणाला ते आत शिरणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. आत लागूनच पुतळी नावाच्या बाईचे शेत होते, भात पोटरीला आलेले. एकदा खारे पाणी शिरले की पुढची दोन-तीन वर्षे त्या शेतात गवतही धड उगवत नाही.

पुतळीने हाका मारल्या. सरपंच महिपती दोरखंड घेऊन आले, गावचे गडी आले, ओंडक्याला गाठ मारली. एवढ्यात त्या गड्यांतल्या जनूने विचारले, "पन आवाज कसला झाला वो?"

दोर तिथेच सुटला. जनूच्या मते ते विमान होते. कुणी म्हणाले, आकाशातून दगड पडला. महिपतींना धरणीकंपाचा संशय होता, आणि जनूची आई खाडीतल्या गिऱ्ह्याचे, म्हणजे पाण्यातल्या भुताचे, नाव घेऊन मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत गावात चार पक्ष झाले आणि त्यांनी एकमेकांशी बोलणे सोडले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. हैबतराव त्यांचे नाव, संयुक्त कारणशोध समितीचे अध्यक्ष. समिती आदल्या रात्रीच जन्मली होती.

"हात लावू नका!" ते ओरडले. "ही झाडे नाहीत, पुरावा आहे."

"आसंल सायेब," पुतळी म्हणाली, "पन तो माज्या मोरीत हाय. वर काढून ठेवा, मंग बगत बसा."

"बाई, वाऱ्याने मोडली तर आपत्ती, स्फोटाने मोडली तर गुन्हा, जनावराने मोडली तर वन. कारण ठरल्याशिवाय ओंडका कोणत्या खात्याने उचलायचा?"

"गावानी."

"गाव हे खाते नाही," हैबतराव मायेने म्हणाले.

त्यात नवीच अडचण निघाली. बुंधे पेण तालुक्यात उभे होते आणि शेंडे रोह्यात पडले होते. म्हणजे मोडणे पेणमध्ये घडले आणि पडणे रोह्यात. रोह्याच्या सदस्यांनी पडण्याची जबाबदारी घेतली, पण आधी मोडल्याचे पेणने मान्य करावे, असा आग्रह धरला. पेणचे सदस्य म्हणाले, आवाज तिकडून आला.

तोवर वडखळपर्यंत बातमी गेली होती. माणसे टेम्पो भरून येऊ लागली. महिपतींनी ओंडक्याचा दोर सोडून झाडांभोवती कुंपण केले. जनूने वड्याची गाडी लावली. आलेला प्रत्येक जण बुंध्यावर हात फिरवून आपले मत देई आणि वडा खाऊन जाई. पुतळी प्रत्येकाला म्हणे, "जरा हात लावतंव का?" लोक म्हणत, "कारण तर कळू दे."

अमावस्येला समिती अहवाल वाचायला बांधावर जमली. पुतळी एकटीच ओंडक्याशी झटत होती. पोलिसाने तिला पुराव्यापासून दूर केले. अहवालाचा निष्कर्ष एकमताने निघाला: झाडे मोडल्यामुळे आवाज झाला असावा, किंवा आवाज झाल्यामुळे झाडे मोडली असावीत. टाळ्या चालू असतानाच उधाण आले. कुणाला न विचारता पाण्याने ओंडका उचलला आणि आत नेऊन पुतळीच्या भातावर आडवा केला. मागून खाडी आली.

पुतळी बांधावर बसून रडली. आठवड्याभरात तिला नोटीस आली: शासकीय पुरावा विनापरवाना स्वतःच्या शेतात ठेवल्याबद्दल खुलासा करावा.

शेतावर आता मिठाचा पांढरा थर आहे. माणसे अजून येतात आणि विचारतात, "बाई, तो आवाज कसला होता गो?"

"सांगतंय ना," पुतळी म्हणते. "आदी त्या बाजूनी ओंडका धर."

मग माणसांना शेवटची एस्टी आठवते. त्यामुळे उत्तर आजवर कुणी ऐकलेले नाही. पहिल्या ओळीपासून तुम्हीही त्याचीच वाट पाहत इथवर आलात, हे आम्हाला कळते. या एकदा. ओंडका अजून तिथेच आहे, आणि त्याचे दुसरे टोक मोकळे आहे.