इस्लापूरला कुणी जायचं?

"आता पुन्हा इस्लापूरला गेलो, तर नावाचा सिद्धराम न्हाई!"

ही गर्जना नांदेडात वीरण्णा शेठच्या सागवानाच्या वखारीत झाली. ऐकायला तेव्हा लाकडांच्या ढिगाशिवाय कुणीच नव्हतं, पण आवेश असा, की समोर हैदराबादचा दरबारच भरलाय!

दुखणं मात्र खरं होतं, मंडळी. निजामाच्या राज्यात शेठनं जंगलाचा ठेका घेतलेला. तोडलेलं लाकूड मोजून घ्यायला दर महिन्याला वखारीतल्या कुणीतरी इस्लापूरला जाऊन पडायचं. तिथले डास माणसाला खाटेसकट उचलतील असे, हिवताप तर पाहुण्याला पाणी द्यावं तसा दारातच मिळे! वखारीत माणसं तीन. मुनीम श्रीपादराव, त्यांना तीन लेकरं. कारकून शेषेराव, त्यांना बायको आणि म्हैस. आणि दुसरा कारकून सिद्धराम, सडाफटिंग! मग जायचं कुणी?

"तुला काय बाबा!" मुनीम पान लावता लावता म्हणत. "ना बायको, ना पोर. तू कुठंबी ऱ्हायलास तरी घरी कोण रडून राहिलंय?"

झालं! सिद्धराम निघाला वळकटी घेऊन. सणाला तोच, पावसाळ्यात तोच, हिवतापातून उठला की पुन्हा तोच!

हेही सोसलं असतं. पण लातूरच्या भीमाशंकरअप्पांच्या लेकीला, कुसुमला, त्यानं बघितलं होतं आणि तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या घरचे मुलाला बघायला नांदेडला आले, तेव्हा मुलगा इस्लापुरात. पुन्हा आले, तेव्हाही इस्लापुरात! अप्पांनी निरोप धाडला, "येत्या गुरुवारी येतो. ह्या खेपेलाबी पोरगा जंगलात असला, तर कंधारचं स्थळ पक्कं करून टाकू."

बिनलग्नाचा म्हणून जंगलात, आणि जंगलात म्हणून बिनलग्नाचा! सिद्धरामनं टोपी सरळ केली आणि थेट शेठसमोर उभा राहिला.

"शेठ, लग्न न्हाई झालं म्हणून माणूस म्हणवून घ्यायचं न्हाई का? मला ताप येत न्हाई? मला सण न्हाई? इन्साफ करा!"

शेठ नुकतेच जेवून उठले होते आणि जेवलेला शेठ म्हणजे देवमाणूस. ते म्हणाले, "मंजूर! आजपासून पाळीपाळीनं. ह्या खेपेला माल लई हाय, मुनीम आन् शेषेराव दोघं जातील!"

मुनिमांच्या तोंडातलं पान खाली पडलं. "आन् आमचं घरदार कोण बघंल?"

"जो मागं ऱ्हाईल तो बघंल! इन्साफ म्हंजे दोन्हीकडून!"

"कबूल!" सिद्धराम ओरडला. त्या क्षणी त्याला कुणी म्हटलं असतं, की शेठचा हत्ती सांभाळ, तरी तो कबूल म्हणाला असता.

गुरुवार उजाडला. सिद्धरामनं खोली सारवली, धोतराला नीळ दिली, चिवडा आणून ठेवला. इतक्यात शेषेरावांची बायको म्हैस घेऊन दारात! "मी माहेरी चालले, भावजी. हिला बघा. दुसऱ्याच्या हाताला लाथ मारती, तेवढं सांभाळा." म्हैस अंगणात बांधली. तिच्यामागं मुनिमांच्या कस्तुराबाई आल्या, तीन लेकरं आणि धुण्याचं बोचकं घेऊन.

"भावजी, आमच्या अंगणात ऊन न्हाई. एवढी लुगडी तुमच्या दोरीवर टाकते. उरलेलं धुऊन आणते गोदावरीवरनं, तोवर लेकरं बघा!"

"वहिनी, आज मला बघायला..."

"मग काय झालं? लेकरंबी दिसतील की!" आणि गेल्या!

थोरल्यानं चिवड्याचा फडशा पाडला. मधल्यानं निळीची वाटी म्हशीला पाजली. धाकटं भोकाड पसरून बसलं, म्हणून सिद्धरामनं उपरण्याची झोळी आढ्याला बांधली, अंगाई म्हटली, शेवटी त्याला कडेवर घेऊन नाचायला लागला. आणि कोळशावर चालणारी ती लातूरची मोटार, जी जन्मात कधी वेळेवर आली नाही, ती नेमकी त्या दिवशी वेळेआधी आली!

दारात भीमाशंकरअप्पा. मागं त्यांची थोरली बहीण गंगम्मा आक्का.

अप्पांनी दोरीवरची लुगडी बघितली. झोळी बघितली. निळ्या तोंडाची म्हैस बघितली.

"हा तर भरला संसार हाय!"

"ही लेकरं माझी न्हाईत, अप्पा!"

"मग कुणाची?"

"मुनिमांची!"

"मुनीम कुठं हायत?"

"त्यांला मीच जंगलात धाडलं!"

"आन् त्यांची बायको?"

"ती इथंच असती! आत्ता येईल! ही लुगडी तिचीच!"

"शिव शिव शिव!" अप्पा मागं वळले. एवढं खरं सिद्धराम जन्मात बोलला नव्हता आणि एवढं वाईट कधी झालं नव्हतं! कंधारचं स्थळ डोळ्यांपुढं घोड्यावर बसलं.

तेवढ्यात कस्तुराबाई ओल्या पदरानं आत आल्या आणि आल्या आल्या खेकसल्या, "भावजी, त्याचं नाक कोण पुसंल? ह्यांनी तुमच्या भरवशावर घर सोडलंय, शेठचा हुकूम हाय!"

सगळा उलगडा झाला. तरी अप्पा उंबऱ्याबाहेरच! गंगम्मांनी मात्र धाकट्याला हातात घेतलं, तसं ते दुप्पट रडायला लागलं. परत सिद्धरामकडं दिलं, तर एकदम गप्प! सिद्धरामनं उपरण्यानं त्याचं नाक पुसलं.

"अप्पा, आत ये," गंगम्मा म्हणाल्या. "एवढी स्थळं धुंडाळली, पोराचं नाक पुसणारा गडी आजच बघितला. आपली कुसुम इथंच द्यायची!"

सिद्धराम आनंदानं असा उडाला, की म्हशीनं लाथ मारली तीही त्याला लागली नाही.

लग्न झालं. पुढली इस्लापूरची पाळी सिद्धरामची! तोंड पाडून वळकटी बांधायला लागला, तर कुसुम म्हणाली, "मीबी येते! तिथं सहस्रकुंडाचा धबधबा हाय म्हणं!" आणि काय सांगू! ती बरोबर असताना डास गाणी म्हणतायत असं वाटलं त्याला. परत आला तो नाचतच वखारीत शिरला.

"शेठ! हितून पुढं दर महिन्याला मीच जातो इस्लापूरला! कुणाला तसदी नको!"

"न्हाई न्हाई!" मुनीम गडबडीनं उठले. "तुझ्या कुसुमनं आमच्या घरात धबधब्याचं असं वर्णन केलंय, की आमची मंडळी ऐकंना. पाळीपाळीनं! ह्या खेपेला आम्ही जोडीनं जाणार. शेषेरावबी!"

"इन्साफ म्हंजे इन्साफ!" शेठ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस अंगणात आली. पाठोपाठ तीन लेकरं. कस्तुराबाईंनी धाकट्याला सिद्धरामच्या कडेवर बसवलं आणि लगबगीनं स्टेशनाकडं वळता वळता म्हणाल्या,

"तुम्हा दोघांना काय, भावजी! अजून लेकरं ना बाळं!"

इन्साफ सिद्धरामनंच मागून घेतला होता. त्यानं धाकट्याचं नाक पुसलं.